दोघांची एक वही

पत्र एका आईचं आहे. नवरा सरकारी बँकेत. जूनमध्ये त्याची कोल्हापूरहून नागपूरला बदली झाली आणि शिवाजी पेठेतलं आजी-आजोबा, काका-काकू, चुलत भावंडांनी भरलेलं घर सोडून चौघं दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मुलगी दहा वर्षांची, पाचवीत. मुलगा सहाचा, पहिलीत. कोल्हापुरात दोघांचं फारसं जमत नव्हतं. मुलगी चुलतबहिणीबरोबर, मुलगा आजोबांच्या मागे, आणि समोरासमोर आले की भांडण. नागपुरात आल्यापासून मात्र दोघं एकमेकांना सोडत नाहीत. एका गादीवर झोपतात, एका ताटात जेवायला बघतात. सामानाच्या रिकाम्या खोक्यांचं गॅलरीत घर केलंय, ती टाकू देत नाहीत. मधल्या सुट्टीत ताई भावाच्या वर्गाच्या दाराशी उभी असते, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं. खाली खेळायला दोघंही जात नाहीत. दोघांची मिळून एक वही आहे, त्यात नागपूरचे शब्द लिहितात आणि रात्री पांघरुणात हसत बसतात. आई खोलीत गेली की गप्प होतात. सासूबाईंचं म्हणणं, "पोरीला माझ्याकडं पाठव, तिची शाळा इथंच बरी." नणंद सांगते, "दोघांना वेगवेगळं झोपव, नाहीतर एकलकोंडी होतील." नवऱ्याचं म्हणणं, "होईल आपोआप." आई विचारते, मी कुणाचं ऐकू?

प्रिय मैत्रिणी,

त्या वहीतली दोन पानं तुम्ही पत्रात उतरवून पाठवलीत, हे फार बरं केलंत. सांभार म्हणजे कोथिंबीर. फल्ली म्हणजे शेंग. गंज म्हणजे पातेलं. पोट्टा म्हणजे पोरगा. भैताड म्हणजे खुळा, आणि त्याच्यापुढे धाकट्याच्या वाकड्या अक्षरात, "मला म्हणाले".

तुम्हाला वाटलं, मुलं नागपूरची टिंगल करताहेत, या गावाशी त्यांना जुळवून घ्यायचंच नाहीये. मला ती पानं वाचून अगदी उलट वाटलं. ज्या गावाशी काही देणंघेणं ठेवायचं नाही, त्या गावाचे शब्द कुणी वहीत उतरवून ठेवत नाही. दिवसभर जे कानावर पडतं ते रात्री दोघं मिळून पडताळून बघतात. पहिलीतल्या पोराला वर्गात कुणी भैताड म्हटलं. एकटा असता तर रडत घरी आला असता, किंवा दुसऱ्या दिवशी त्याचं पोट दुखलं असतं. याने तो शब्द दप्तरात घालून आणावा तसा घरी आणला, ताईला विचारलं, ताईने अर्थ लावला, वहीत लिहिला आणि मग दोघं हसली. शाळेतून निघताना तो अपमान होता, वहीत जाईपर्यंत नुसता शब्द उरला. चार महिन्यांत, कुणी न सांगता, तुमच्या मुलांनी हे जमवलं आहे. ते आधी बघा, मग काळजीकडे वळू.

तुमच्या काळजीच्या मुळाशी एक समज आहे: दोघं एकमेकांत गुंतली, म्हणून बाहेर मिसळत नाहीत. कशामुळे काय झालं, हे आपण उलटं तर धरत नाही ना? कोल्हापुरात त्या घरात प्रत्येकाचं हक्काचं माणूस होतं. मुलीला चुलतबहीण, मुलाला आजोबा. घरात दहा माणसं असली की सख्ख्या भावंडांना एकमेकांची गरज कमी पडते, आणि भांडायलाही सोय असते, कारण भांडून जायला दुसरीकडे कुणीतरी असतं. जूनमधल्या एका रात्रीच्या प्रवासानंतर हे सगळं गेलं. गल्ली, घरातले आवाज, शाळा, अगदी भाजीची नावंसुद्धा. ज्याच्यासमोर "आपल्याकडं असं नसतं" म्हणता येईल असं आपल्या वयाचं एकच माणूस दोघांना उरलं. ती एकमेकांना धरून आहेत ती नागपूर नको म्हणून, असं मला वाटत नाही. पाय टेकायला जागा लागते, म्हणून धरून आहेत.

हे माझं नुसतं मत नाही. क्रिस्टा गास, जेनिफर जेन्किन्स आणि जूडी डन या तीन अभ्यासक स्त्रियांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जूडी डन यांनी तर भावंडांच्या नात्याचा अनेक वर्षं, थेट घरात बसून निरीक्षणं करत अभ्यास केलेला आहे. या तिघींना असं दिसलं की, घरावर ताणाचे प्रसंग आले तेव्हा ज्या मुलांचं भावंडाशी मायेचं नातं होतं, त्यांच्यात आतल्या आत कुढणं, घाबरणं कमी वाढलं. महत्त्वाचं असं की आईशी नातं कसं आहे, याच्याशिवायही भावंडाच्या मायेचा हा आधार दिसला. म्हणजे भावंड ही आईची बदली नव्हे, ती वेगळीच शिदोरी आहे. तुमच्याकडून काही कमी पडलं म्हणून मुलं एकमेकांकडे वळली, असं पत्रात दोन ठिकाणी डोकावतं. ते मनातून काढून टाका.

आता थोडं माझं सांगते. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. १९७२ साली आम्ही कोयनानगरहून पैठणला गेलो, जायकवाडीच्या कामावर. मी आठ वर्षांची, भाऊ पाच. कोयनेला पावसाळ्यात दिवसेंदिवस ऊन दिसायचं नाही आणि पैठणला त्या वर्षी दुष्काळ. माझ्या भावाचा जीव त्याच्या गमबुटांत अडकलेला. तो रखरखीत उन्हात गमबूट घालून शाळेत गेला. पोरं हसली. घरी येऊन बूट न काढता तो भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी मीही माझे गमबूट घातले. दोघं त्या फुफाट्यातून फटक फटक वाजवत शाळेत गेलो, आणि काय सांगू, त्या दिवशी आम्हाला कुणाचं हसणं ऐकूच आलं नाही.

पण त्याच वर्षाची दुसरीही आठवण आहे. आई मला रोज निघताना सांगायची, "तू मोठी ना, बघ हं त्याच्याकडे." तिचंही खरंच होतं, नवं गाव, पाणी भरण्यात तिचा दिवस जायचा. मी मधल्या सुट्टीत त्याच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. त्याने डबा खाल्ला का, कुणी मारलं का, चड्डी ओली तर नाही ना. पैठणच्या त्या पहिल्या वर्षात माझ्या वर्गातल्या एकाही मुलीचं नाव मला धड ठाऊक नव्हतं. गमबूट मी मर्जीने घातले होते. दाराशी उभी राहायचे ती धाकाने.

तुमच्या पत्रातल्या ज्या एका गोष्टीपाशी मी थांबले, ती म्हणूनच गादी नाही, खोकीही नाहीत. मधली सुट्टी. मुलगी त्या दाराशी का उभी राहते, हे तिला कुणी विचारलंय का? भावाबरोबर डबा खायला आवडतं म्हणून जात असेल तर जाऊ द्या, दिवाळीनंतर आपोआप कमी होईल. पण आपण नाही गेलो तर त्याचं काही वाईट होईल आणि ते आपल्यावर येईल, असं तिला वाटत असेल, तर ते ओझं उतरवायला हवं. आणि ते तिला "जाऊ नकोस" सांगून उतरत नाही, त्याने तिला आणखी भीती वाटेल. ते उतरतं दुसऱ्या कुणीतरी ते उचलल्यावर. धाकट्याच्या वर्गशिक्षिकेला भेटा. मधल्या सुट्टीत त्याच्याकडे कोण बघेल, हे त्यांच्याशी ठरवा, आणि त्यांनाच मुलीला सांगू द्या, "तुझ्या भावाकडे मी बघते गं, तू खेळायला जा." हे वाक्य आईकडून आलं तर समजूत वाटते, बाईंकडून आलं तर खरं वाटतं. घरातही "तू मोठी ना" हे तीन शब्द काही दिवस बंद ठेवून बघा. नकळत किती वेळा तोंडावर येतात, याचं तुम्हालाच नवल वाटेल.

धाकटा नुसता घेणारा आहे, असंही समजू नका. पैठणला आमच्या शेजारच्या आजी आम्हाला संध्याकाळी गोष्टी सांगायच्या. आळंदीहून शुद्धिपत्रासाठी चार पोरकी भावंडं याच गावी चालत आली, ही गोष्ट पैठणमध्येच ऐकणं वेगळं असतं. त्या म्हणायच्या, जगाला कंटाळून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवाला बाहेर काढलं ते कुणी, तर सगळ्यांत धाकट्या मुक्ताईने. तुम्ही लिहिलंय की पहिल्या घटक चाचणीच्या आदल्या रात्री मुलगी रडत होती आणि सकाळी तिच्या उशीखाली धाकट्याची हिरवी गोटी सापडली. तुम्ही हे जाता जाता लिहिलंत. माझ्या दृष्टीने ती पत्रातली सगळ्यात मोठी बातमी आहे.

सासूबाईंच्या सुचवणीचा मी गंभीरपणे विचार केला. नातीवरच्या मायेपोटी त्या म्हणताहेत, आणि आपल्याकडे आजोळी किंवा काकांकडे राहून शिकलेली कितीतरी माणसं चांगली शिकली, चांगली वाढली. मुलीला तिथे तिची बोली, तिची शाळा, तिची चुलतबहीण परत मिळेल. पण हिशेबाची दुसरी बाजू बघा. सहा महिन्यांत एकदा सगळं सुटलेल्या मुलाचं हाताशी राहिलेलं एकमेव माणूस पुन्हा सुटेल. मुलीला काय वाटेल? कोल्हापूर मिळाल्याचा आनंद चार दिवस, आणि मग, "मला जमलं नाही म्हणून मला परत धाडलं." शिवाय भावाला मागे टाकून आल्याची टोचणी. ज्या पोरीला मधली सुट्टी त्याच्यावाचून काढवत नाही, तिला हे झेपेल असं मला वाटत नाही. माझं मत विचाराल तर या वर्षी नाही. पुढच्या एप्रिलमध्ये, वर्ष पुरं झाल्यावर, पुन्हा बोला. तेव्हाही "कुणाकडे राहायचंय?" असं विचारू नका. या प्रश्नात मूल कुणाला तरी दुखावल्याशिवाय उत्तर देऊ शकत नाही. कोल्हापूरचं काय काय आठवतं, एवढंच विचारा. त्यातलं निम्मं इथे आणता येतं. तुम्ही लिहिलंत की ती काकाच्या पोरांबरोबर गल्लीत फुटबॉल खेळायची. कोल्हापूरच्या पोरीला फुटबॉल सुटला तर बरंच काही सुटतं. नागपूरजवळच्या कामठीला फुटबॉलचं जुनं वेड आहे, नागपुरातही मैदानं आहेत, मुलींना शिकवणारं कुणी आहे का, एवढी चौकशी बाबांनी या रविवारी करावी. "होईल आपोआप" म्हणणाऱ्या माणसाला असं एक नेमकं काम द्यावं. आठवड्यातले दोन तास ती कुणाची ताई नसेल, नुसती खेळाडू असेल.

नणंदेचा सल्ला, वेगळं झोपवण्याचा. आत्ता नको. मुलगी मोठी होतेय, वर्ष-दोन वर्षांत तिला स्वतःची जागा लागेलच, आणि ती स्वतःहून मागेल. तोवर कुलूप असलेला एक खण, आणि त्याला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असा घराचा नियम, एवढं पुरे. हात तोडून कुणी स्वावलंबी होत नाही. खोकीसुद्धा राहू द्या. वाळवीची भीती असेल तर जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.

आता बाहेर मिसळण्याचं. तान्ह्या पोळ्याचा प्रसंग तुम्ही निराशेने लिहिलाय: सगळी मुलं आपापले लाकडी बैल नटवून उभी, आणि तुमची दोघं एकाच बैलाची दोरी धरून कडेला, दहा मिनिटांत घरी. पण ती गेली होती ना? ज्यांनी दर बेंदराला आजोबांबरोबर मातीचे बैल केले, त्यांना लाकडाचा, चाकांवरचा बैल नवाच. तो बघायला ती दोघं मिळून गेली. एकेकटं गेली नसती. "तू वेगळी मैत्रीण कर, तू वेगळा मित्र कर" असा जोर लावण्यापेक्षा दोघांनाच जोडीने बाहेर नेणारं काही शोधा.

माझ्या डोळ्यांसमोर एक गोष्ट आहे. दिवाळीचा किल्ला. खोक्यांचं घर बांधणारी मुलं आहेत, त्यांना किल्ला सांगावा लागणार नाही. फक्त तो गॅलरीत नको. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून खाली आवारात, भिंतीच्या कडेला जागा मागा. विटा, दगड, जुनं पोतं. नागपूरची काळी माती वाळली की तडकते, म्हणून रोपवाटिकेतून दोन पोती लाल माती आणा, किंवा काळीच घ्या आणि तडकू द्या, तडा लिंपायलाही मजा येते. वरून अळीव किंवा मोहरी पेरा, चार-पाच दिवसांत हिरवळ धरते. चिखल कालवायला दोघांचे हात पुरत नाहीत. पाणी आणायला कुणी लागतं, मावळे कुणाकडे तरी जास्तीचे असतात, आणि बुरुज कुठे हवा यावर मत नसलेलं मूल मी पाहिलेलं नाही. तुम्ही वरून खिडकीतून बघा, खाली जाऊन ओळखी करून देऊ नका. दिवाळीत कोल्हापूरला जाणार असाल तर सुट्टी लागताच किल्ला करा आणि मग निघा. हिरवळीला पाणी घालायला खालचं एखादं पोर नेमून जायचं, हे मुलांनाच सुचवा. त्यांच्यामागे नागपुरात त्यांचं काहीतरी वाढत राहील, आणि कोल्हापूरला असताना परत यायला एक कारण असेल. परतीचं तिकीट कधीचं आहे, हेही निघण्याआधीच सांगा, शेवटच्या दिवशी नको.

काही खुणांवर मात्र लक्ष ठेवा. दोघांपैकी कुणी घराबाहेर बोलणंच बंद केलं, रोज सकाळी पोटदुखी आणि रविवारी नाही, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, जेवण-झोप उडाली, आणि हे काही आठवडे तसंच राहिलं, तर बालरोगतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकाकडे जायला संकोच करू नका. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, आईलाही फोन करता येतो. तुमच्या पत्रात यातलं काहीही मला दिसलं नाही.

ज्या वाचकांची बदली अजून व्हायची आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. मुलांना आधी सांगा, ट्रक दारात उभा राहिल्यावर नको, आणि प्रत्येकाला एक खोकं पूर्ण स्वतःच्या हाताने भरू द्या. त्यात मोडका भोवरा गेला तरी जाऊ द्या. आणि शाळेच्या दाखल्यावरून घरात ताण वाढवू नका. आठवीपर्यंतच्या मुलांना शाळा बदलताना दाखला ताबडतोब द्यायचा आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या सरकारी किंवा अनुदानित शाळेने प्रवेश अडवायचा नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात लिहिलेलं आहे. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी घरांत जून महिना भांडणात जातो आणि ते सगळं मुलं ऐकत असतात.

शेवटी तुमच्याबद्दल. मुलांविषयी तुम्ही पाच पानं लिहिलीत आणि स्वतःविषयी एक ओळ: "मी स्वयंपाकघरात असते, आतून हसण्याचा आवाज येतो, मी गेले की थांबतो." ही ओळ मला सगळ्यात जड वाटली. त्या भरल्या घरात तुम्हालाही जाऊबाई होत्या, गल्ली होती, संध्याकाळी कट्ट्यावर बसणं होतं. मुलांना एकमेकं मिळाली, नवऱ्याला बँकेची शाखा मिळाली, तुम्हाला कोण मिळालं? "एकलकोंडी होतील" ही भीती मुलांपेक्षा तुमच्या स्वतःच्या दिवसाबद्दलची तर नाही ना, हे शांतपणे तपासा. असेल तर त्यात कमीपणा नाही. तुम्हीही घर सोडलंत, आणि तेही इतरांचं सामान बांधत बांधत.

मुलं तुम्हाला बघून गप्प होतात ती तुम्हाला नको म्हणून नाही. त्या खेळात मोठ्यांना जागा नसते, एवढंच. दार ढकलून आत जाऊ नका, वही उशीखालून काढून वाचूही नका, आता एकदा वाचलीत ती पुरे. पण तुम्ही रोज भाजी घ्यायला जाता. तो भाजीवाला टोमॅटोला काय म्हणतो, कधी ऐकलंय? उद्या मुद्दाम त्याच्याशी चार वाक्यं जास्त बोला आणि एखादा नवा शब्द घेऊन या. रात्री दारातूनच विचारा, "हा तुमच्या वहीत आहे का रे?"